कागद नीट ठेवला आहे

“ह्यो बोर्ड कुणी लिवला?” दारातच थांबून म्हाताऱ्यानं विचारलं.

मला वाटलं, बाहेरच्या पाटीचं विचारतोय. “वाचनालयाची पाटी होय? जुनी आहे. कुणी रंगवली कोण जाणे,” मी म्हणालो.

“ती न्हवं. ती माझीच हाय, एकोणनव्वद सालची. ह्यो!” त्यानं काठी उचलली आणि थेट माझ्या संगणकाच्या स्क्रीनवर रोखली. “दारातनं वाचता येत न्हाई त्यो बोर्ड न्हवं, मास्तर. त्याला चिठ्ठी म्हंत्यात.”

वर्ग हसला. वर्ग म्हणजे पन्नाशी-साठी ओलांडलेली चौदा माणसं आणि एका बँकेनं मोडीत काढलेले नऊ संगणक. म्हाताऱ्याचा कोपर धरून उभी असलेली बाई कानकोंडी झाली.

“अण्णा, आधी आत तरी चला. माफ करा हं मास्तर, जलमभर बोर्ड रंगवल्यात त्येंनी. कुठंबी गेलं की आधी अक्षरं बघत्यात.”

अण्णाप्पा कुंभार, म्हणजे गावाचे अण्णा पेंटर, मला असे भेटले. बरोबरची त्यांची मुलगी, शालन. पस्तिशीची असेल, लग्न झालेलं नव्हतं. तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, काठी त्यांच्या हाताला लागेल अशी टेकवून ठेवली आणि खाली पेपर वाचायच्या खोलीत जाऊन बसली. पुढचे चार महिने, रविवार सोडून रोज, ती हेच करत होती.

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. मिरजेपासून एसटीनं तासाभरावर आमचं गाव. मी इंजिनीअर झालो होतो, नोकरीही लागली होती, पण मंदी आल्यामुळे कंपनी रुजू व्हायची तारीख पुढे ढकलत होती. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशातली माझी गत. पुण्यातली काही मंडळी लिनक्स मराठीत आणायच्या खटपटीत होती, त्यांच्यात मी घुसलो. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी अशी प्रणाली, जी कुणा एकाच्या मालकीची नाही. फुकट घ्या, हवी तशी बदला, शेजाऱ्याला द्या. ती सामान्य माणसाच्या हातात गेली की क्रांती होणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी तेवीस वर्षांचा होतो आणि लोकांना काय हवं असतं ते मला त्यांच्याहून जास्त कळत होतं.

अडचण एकच होती. सामान्य माणूस संगणकाला भीत होता. वर्गातल्या देशिंगकर बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं शाळा गप्प व्हायची म्हणे. पण माउसला हात लावण्याआधी त्या मला विचारायच्या, “दाबू का रे? काही बिघडणार नाही ना?” सगळ्यांचं तेच. म्हणून मी अगदी साधा, मोठ्या बटणांचा, शुद्ध मराठी पडदा तयार करत होतो, आणि अण्णांनी पहिल्याच दिवशी त्याला चिठ्ठी म्हटलं.

मला राग आला होता. पण वर्ग सुटल्यावर मी दारात जाऊन उभा राहिलो, आणि खरंच, मलाही काही वाचता येईना.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना मुद्दाम पुढे बसवलं. “सांगा, काय बदलू?”

“हे काय लिवलंय?”

“धारिका.”

“म्हंजे?”

“म्हणजे आपण जे लिहितो ना, ते ज्यात असतं ते.”

“मग कागद म्हण की.”

धारिकेचा कागद झाला. निर्देशिकेचा खण झाला. ‘जतन करा’चं ‘ठेवा’ झालं. पुण्याच्या मंडळींनी फोनवर नाकं मुरडली, पण देशिंगकर बाई दहा मिनिटांत ‘ठेवा’ दाबायला शिकल्या. अक्षर मोठं केलं की अण्णा मला दारात पिटाळायचे आणि तिथून वाचायला लावायचे. बोर्ड रंगवताना ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघत, तसं.

ठेवल्यावर संगणक एक निरोप दाखवायचा, ‘धारिका यशस्वीरीत्या जतन झाली.’ अण्णांनी ते ऐकलं आणि मान हलवली.

“हे सरकारी झालं. माणसानं जीव वतून काय लिवलं, तर त्याला धीर वाटंल असं बोलावं. लिव, तुमचा कागद नीट ठेवला आहे.”

मी लिहिलं. तो निरोप मला इतका आवडला की मी तो पुण्याला सगळ्यांना पाठवला.

“अण्णा, तुम्हाला काय शिकायचंय?” मी एकदा विचारलं.

“लिवायचं हाय. लांब पत्र लिवायचं हाय.” मग आवाज उतरवून म्हणाले, “साखरंनं डोळं खाल्लं माझं. मिरजंचा डॉक्टर म्हंतो, दिवाळीपातूर दिसतंय तेवढं दिसंल, फुडचं सांगत न्हाई. पेनाची रेघ आत्ताच दिसंना झालीया. हितं म्हणं अक्षर पायजे तेवढं मोठं हुतं?”

मी अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं. एका ओळीत चारच अक्षरं मावायला लागली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. “दिसतंय!” ते म्हणाले.

“कुणाला लिहायचंय पत्र?”

त्यांनी जिन्याकडे बघितलं. “तिला.”

“शालनताईंना? त्या तर दिवसभर तुमच्याजवळच असतात. सांगून टाका की!”

“तोंडानं सांगता आलं आसतं, तर तुझ्याकडं कशाला आलो आसतो?” म्हातारा जरा चिडलाच. “घरात आल्यालं पत्तर तीच वाचती. धाडायचं तर तीच लिवती. मग तिलाच लिवायचं तर कुणाला सांगू? एवढं एक लिहून संपवायचं हाय, मास्तर. डोळं हायत तवर. तिला ह्यातलं कळू द्यायचं न्हाई.”

“नाही कळू देणार,” मी म्हणालो. “पण घाई करू नका. आधी दोन-तीन महिने सराव करा. अआइई, कमळ बघ, सगळं. बोटं बसली की मग पत्राला हात घालू. तयार झालात की मला सांगा.”

“बरं,” ते म्हणाले.

ते ‘बरं’ माझ्या कानात अजून आहे. मी ते माझ्या अर्थानं घेतलं. पाटीवर सराव करणारा पेंटर कधी असतो का, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. पाटी समोर आली की पेंटर सुतळीला नीळ लावून एक रेघ मारतो आणि सुरू करतो. अण्णांनीही त्याच दिवशी पत्र सुरू केलं.

मला ते दिसलं नाही, कारण त्यांनी आपला संगणक कोपऱ्यात, पाठ वर्गाकडे करून मांडायला लावला होता. एवढालं अक्षर, कुणीही दारातून वाचलं असतं. मी ठरवून त्या बाजूला जात नसे. तीन ते चार, रोज तासभर, एका बोटानं ते टकटक करत बसत. मला वाटे, कमळ बघ चाललंय.

कळफलकावर मराठी अक्षरं नव्हती, ती शालनताईंनी काढून दिली. नऊ कळफलक त्या घरी घेऊन गेल्या आणि चौथ्या दिवशी परत आणले. इवल्या इवल्या कळांवर पांढऱ्या रंगात अशी अक्षरं, की बघत राहावं. ‘श’ची गाठ, ‘ल’चं पोट, सगळं बाहेरच्या पाटीवर होतं तसंच.

“अण्णा, अगदी तुमचाच हात आलाय हो,” मी म्हणालो.

“व्हय,” ते म्हणाले, आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. पुसून उपयोग नव्हता तरी.

जुलैमध्ये एका सकाळी कॉलेजची पोरं येऊन संगणकांवर धुडगूस घालून गेली. बटणं इकडची तिकडं, निम्मी गायब, नट्यांचे फोटो सगळीकडे. दुपारी देशिंगकर बाईंनी संगणक लावला आणि त्यांना वाटलं, आपणच बिघडवला. त्या रडल्या. अडतीस वर्षं शिकवलेली बाई माझ्यासमोर पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “मला नाही रे जमणार. माझं वय गेलं.”

मला ते सहन झालं नाही. दोन दिवस घरी बसून मी एक युक्ती केली. सगळ्या संगणकांवर प्रणाली नव्यानं घातली आणि अशी बांधून टाकली, की दिवसभर कुणी काहीही करो, संध्याकाळी संगणक बंद केला की केलेलं सगळं पुसलं जाणार आणि सकाळी पडदा पहिल्यासारखा कोरा करकरीत. खणात नवशिक्यांचे कागद होते, ते काढून टाकताना मी दोन-चार उघडून पाहिले. ‘ककककक.’ ‘माझे नाव वसुधा देशिंगकर आहे.’ बाकीचे उघडलेच नाहीत. सराव तो सराव, तो कोण जपून ठेवतो?

वर्गात मी ऐटीत उभा राहिलो. “आजपासून या संगणकांवर तुम्ही काहीही बिघडवू शकत नाही. हवं ते दाबा. उद्या सगळं पहिल्यासारखं असेल. मात्र ज्यांना आपलं लिहिलेलं ठेवायचंय त्यांनी मला सांगा, ते वेगळं काढून देईन.” कुणालाच ठेवायचं नव्हतं. टाळ्या पडल्या. देशिंगकर बाईंनी तर त्या दिवशी मुद्दाम दिसेल ते बटण दाबलं आणि लहान मुलीसारख्या हसल्या. मला आयुष्यात तोवर इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

अण्णा त्या दिवशी मिरजेला डॉक्टरकडे गेले होते.

दुसऱ्या दिवशी आले तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “अण्णा, आता काही बिघडायची भीती नाही. बिनधास्त चालू द्या.”

“लई झ्याक केलंस,” ते म्हणाले.

एवढंच बोललो मी. पुढचं वाक्य बोललो नाही. लपवायचं म्हणून नव्हे, त्यांना त्याची गरज असेल असं वाटलंच नाही म्हणून.

त्याआधी, जूनमध्ये एकदा मी त्यांना म्हटलं होतं, “जुना कागद कसा उघडायचा ते दाखवू का? काल काय लिहिलं ते बघता येईल.”

“नगं. ओल्या रंगावर परत हात फिरवायचा नसतो, फराटं उठत्यात. आन् डोळ्यात दिसाला तासाचं त्याल हाय, मास्तर. ते मागचं वाचण्यात कशाला जाळू? कुठवर आलोय ते ध्येनात हाय माझ्या.”

संगणक बांधून टाकल्यावरही ते जुनं उघडायला गेले नाहीत. रोजच्यासारखं त्यांनी ‘ठेवा’ दाबलं, नाक पडद्याला लागेपर्यंत पुढे वाकले आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचला. “तुमचा. कागद. नीट. ठेवला. आहे.” मग काठी घेतली, शालनताईंना हाक मारली आणि गेले. पाच वाजता मी नेहमीप्रमाणे नऊही संगणक बंद केले.

ऑक्टोबर उजाडला. दिवाळी दहा-बारा दिवसांवर होती. वर्गाला मी सुट्टी दिली होती, पण अण्णा आले. शालनताई त्यांना सोडून खाली गेल्या. तासाभरानं त्यांनी मला हाक मारली.

“मास्तर, झालं. छाप आता.”

“काय छापू?”

“पत्र.”

“पत्र सुरू केलंत? अरे वा! कधी?”

म्हातारा हसला. फार मोकळं हसला. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. “कधी म्हंजे? चार म्हयनं मी काय माशा मारत हुतो व्हय? रोज एक कागद. मोजल्यात मी. शहाण्णव भरायला पायजेत. आज शेवटचा.”

मला माहीत होतं. खण उघडायच्या आधीच माहीत होतं. तरी उघडला. आत एकच कागद होता, त्या दिवसाचा.

“दिसलं?” अण्णांनी विचारलं. “लई झालंय न्हवं? शाई पुरंल का तुझ्या मशिनला?”

“बघतो,” मी म्हणालो. मी उगाच कळा दाबत राहिलो. दुसरा खण उघडला, तिसरा उघडला. जे लिहिलेलं संगणकाच्या चकतीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, एकदा तरी उमटतं ते पुसलं तरी खणून काढता येतं, मी तसं काढूनही दिलं होतं लोकांना. पण सुरुवातीच्या कागदांवर मी नवी प्रणाली चढवली होती, आणि त्यानंतरचं चकतीवर कधी गेलंच नव्हतं. मीच जाऊ दिलं नव्हतं. ते रोज दोन तास हवेत असायचं आणि पाच वाजता माझ्या हातानं मरायचं.

“मास्तर? गप का?”

मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसलो आणि सांगितलं. काय सांगितलं, कसं सांगितलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की त्यांना ते तीनदा सांगावं लागलं.

“पर त्यो म्हणायचा की रोज,” ते म्हणाले. “नीट ठेवलाय म्हणायचा.”

“हो, अण्णा.”

“रोज वाचत हुतो मी.”

“हो.”

“ते तर मीच लिवाय सांगितलं हुतं.”

मला रडू आलं. ते रडले नाहीत. पडद्याकडे तोंड करून बसले. मी म्हणालो, “आपण परत लिहू. तुम्ही नुसतं सांगा, मी टाइप करतो. आठ दिवसांत होईल. कुणाला कळणार नाही, अण्णा, मी शब्द देतो.”

“सांगू?” ते म्हणाले. “तुला तोंडानं सांगू?”

मग त्यांनी सांगितलं. चार वाक्यांत.

“तिचं ठरलं हुतं. विट्याचा पोरगा, मास्तर हुता शाळंत, तिला बी आवडला हुता. मी त्या लोकांना जाऊन सांगितलं, पोरीला फिट येत्यात. खोटं सांगितलं.”

मी जिन्याकडे बघितलं.

“तवाच डोळं दगा द्याय लागलं हुतं माझं. निम्म्या गावच्या पाट्या तिच्या हातच्या हायत, खाली सही तेवढी माझी. ती गेली आसती तर ब्रश कुणी धरला आसता? वाटलं, दोन वर्सं थांबंल, मग दुसरं बघू. पर फिटची बातमी गावोगाव फिरली. परत कोण आलंच न्हाई.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “तिला वाटतंय, नशीब.”

खालून शालनताईंच्या चपलांचा आवाज आला. पाणी प्यायला उठल्या असतील. अण्णा गप्प झाले. आवाज थांबल्यावर म्हणाले, “बघ. एवढंच निघतंय तोंडातनं. आन् हे नुसतं ऐकलं तर तिला काय कळंल? कसं झालं, का झालं, रोज मनात काय हुतं, ते सगळं लिवलं हुतं. शहाण्णव दिस लागलं. आता परत कुठलं? कालपास्नं पडद्यावरचं अक्षर बी वळवळतंय.”

“मग मी त्यांना सांगू का?”

त्यांनी माझं मनगट धरलं. साखरेनं झिजलेल्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. “न्हाई. तुझ्या आईची आण हाय तुला. माझं मला सांगायचं हुतं. दुसऱ्यानं सांगितलं तर ती चहाडी हुती. माझ्या माघारी बी बोलू नगंस.”

“बरं,” मी म्हणालो.

“आन् त्यो आजचा कागद छापला आसलास तर फाड.”

मी तो छापला होता. खण उघडल्या उघडल्या, काही तरी हातात राहावं म्हणून. तो प्रिंटरवर पडला होता. मी शेजारचा कोरा कागद उचलला आणि त्यांच्या कानाजवळ फाडला. त्यांना काय दिसत होतं? आवाज ऐकून त्यांनी मान हलवली.

शालनताई वर आल्या. “झालं, अण्णा?”

“झालं,” ते म्हणाले.

जाताना दाराशी थांबून ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता शिव्या देतील. मी वाट बघत होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“बाकी तुझा बोर्ड आता चांगला झालाय, मास्तर,” ते म्हणाले. “दारातनं वाचता येतोय.”

त्यानंतर ते आले नाहीत. मी दोनदा घरी गेलो. पहिल्यांदा ते झोपले होते, दुसऱ्यांदा जागे असून झोपल्यासारखे पडून राहिले. दिवाळीनंतर दृष्टी पार गेली. माघात, माझी रुजू व्हायची तारीख आली त्याच आठवड्यात, ते वारले.

आता या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. ऑफिसात एखादा हुशार पोरगा म्हणतो, “नवे वापरणारे काही महत्त्वाचं ठेवत नाहीत, सर,” आणि मी त्याच्या अंगावर ओरडतो. मग माफी मागतो. त्याला वाटतं, साहेबांचं रक्तदाबाचं औषध चुकलं.

अण्णांचं दिवसकार्य झाल्यावर शालनताई वाचनालयात आल्या. माझा शेवटचा दिवस होता, मी किल्ल्या द्यायला गेलो होतो. त्या अण्णांच्या खुर्चीत बसल्या आणि कळफलकावरच्या आपल्याच अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या.

“मास्तर, एक विचारू? अण्णा हितं काय लिवत हुते?”

आईची आण होती. मी म्हणालो, “सराव करत होते, ताई. नवीन शिकणारे करतात तसा. अआइई, कमळ बघ.”

“चार म्हयनं?”

“हो.”

“अच्छा.” त्यांनी बोट उचललं. “मला वाटलं हुतं, त्या विट्याच्या स्थळाचं लिवत असत्याल.”

मी वर बघितलं.

“मला ठाव हाय हो ते. त्या पोराच्या बहिणीनंच सांगितलं हुतं तवा, तुझ्या बापानं असं असं सांगितलं म्हणून. तेरा वर्सं झाली. लई राग आला हुता. पर मी कधी बोलले न्हाई. म्हटलं, एक दिवस त्येच सांगतील. त्येंनी सांगितलं, की मग काय म्हणायचं ते मी म्हणंन.” त्या हसल्यासारखं करून म्हणाल्या, “कॉम्प्युटर शिकायचा म्हणाले तवा वाटलं, आता लिवणार. म्हणून तर रोज हाताला धरून आणत हुते. न्हाईतर आंधळ्या माणसाला कशाला एवढा जिना चढवला आसता? जाऊ दे. सराव हुता म्हंता तर.”

त्या उठायला लागल्या.

मी पिशवीतून वही काढली. वहीत तो कागद होता. आण मोडतेय हे मला कळत होतं, पण माझ्या हातांनी ते ऐकलं नाही. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यावर, दारातून वाचता येईल एवढ्या अक्षरांत, लिहिलं होतं:

‘शालन, आज हे शेवटचं. वर सगळं लिहिलं आहे. काय केलं, का केलं, नंतर रोज काय वाटलं. एक शब्द लपवला नाही. तू वरचं सगळं वाच. मग ठरव, मला माफ करायचं का नाही. सगळं वाचल्याशिवाय ठरवू नको. अण्णा.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग कागद उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं.

“वरचं कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. या वेळी एकदाच सांगावं लागलं. त्या ओरडल्या नाहीत. पदराचं टोक तोंडात धरून, त्या कागदाकडे बघत उभ्या राहिल्या.

“वाचल्याबिगर ठरवू नगं म्हंत्यात,” त्या शेवटी म्हणाल्या. “मग मी आता कसं ठरवू, मास्तर?”

मग त्यांनी कागद घडी न घालता दोन्ही हातांनी कडेला धरून उचलला, नुकत्याच रंगवलेल्या, ओल्या पाटीला धरतात तसा, आणि त्या जिना उतरून गेल्या.